गोल्फमध्ये उजव्या हाताचं काम काय? घोडनदीत दगड फेकणाऱ्या पोराला ते आधीच येतंय

कोपराच्या आतल्या बाजूला ठणकतंय म्हणून दौंडमधला एखादा शेतकरी हाडांच्या डॉक्टरकडे जातो. रोज सकाळ-संध्याकाळ चार गायींची धार काढणारा माणूस. डॉक्टर कोपराच्या आतल्या उंचवट्यावर अंगठा दाबतात, मूठ आवळून मनगट आत वाकवायला लावतात आणि सांगतात, 'गोल्फर्स एल्बो' आहे.

गडी चक्रावतो. गोल्फ? टोप्या घालून हिरवळीवर चालत चालत खेळतात ते? आपण तर विटीदांडूच्या पुढं गेलो नाही.

पण हे नाव उगाच पडलेलं नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्या गोल्फरचं हे दुखणं बहुतेकदा उजव्या कोपरात होतं. आणि गोल्फमध्ये उजव्या हाताचं नेमकं काम काय, हा प्रश्न तर त्या खेळातल्या सगळ्यात जुन्या भांडणांपैकी एक आहे. कोणी म्हणतं उजवा हात फक्त सोबतीला, खरं काम डाव्याचं. कोणी म्हणतं डाव्याने धरा आणि उजव्याने हाणा. दोन्ही बाजूंना मोठमोठे चॅम्पियन आहेत.

शिरूर-दौंड पट्ट्यात बहुतेकांसाठी गोल्फ म्हणजे मोबाईलवरचं रील. शिरूरहून नगर रोडने पुण्यात शिरलं की येरवड्यात पूना क्लबचं गोल्फ कोर्स आहे, पण तिथं आत जाऊन खेळलेले आपल्यात किती? तरी खेळ अगदीच परका राहिलेला नाही. अनिर्बान लाहिरीचा जन्म पुण्यातला. २०२२ च्या प्लेअर्स चॅम्पियनशिपमध्ये तो फक्त एका फटक्याने हरला आणि दुसरा आला. टोकियो ऑलिंपिकला त्याच्यासोबत पुण्याचा उदयन माने होता. त्याच ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, तेव्हा गोल्फचे नियमही माहीत नसलेले लोक पहाटे उठून स्कोअर बघत होते.

आणि आता रील्सवर रोज कोणीतरी सांगतंय, 'डावा हात सरळ ठेवा, उजवा विसरून जा.' हे अर्धंच खरं आहे. बाकीचं अर्धं समजून घेऊ.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. या लेखात उजवा हात म्हणजे मागचा हात. चेंडू डावीकडे मारायचा असतो, त्यामुळे डावा हात टार्गेटच्या बाजूला असतो आणि उजवा मागे. डावखुऱ्या गोल्फरचं सगळं उलटं. फिल मिकलसन बाकीची सगळी कामं उजव्या हाताने करतो, पण गोल्फ डावखुरा खेळतो, कारण लहानपणी वडिलांच्या समोर उभं राहून त्याने त्यांची नक्कल आरशासारखी उचलली. आपल्याकडे सौरव गांगुलीचं बॅटिंगमध्ये तसंच. उजव्या हाताचा माणूस, बॅटिंग डावखुरी.

आता घोडनदीच्या काठावर चला. शिरूरला जुनी माणसं अजूनही घोडनदीच म्हणतात, गावाचं नावच ते. काठावर पोरं चपटे दगड शोधतात आणि पाण्यावरून टप्पे घेत पलीकडे पाठवतात. ज्याचा दगड सहा-सात टप्पे घेतो, त्याच्याकडे नीट बघा.

तो पाण्याकडे आडवा उभा राहतो. हात मागे नेताना कोपर दुमडतो. फेकताना आधी कंबर फिरते, मग खांदा, मग कोपर बरगड्यांना घासून पुढे येतो. दगड मात्र अजून मागेच असतो. मनगट मागे मोडलेलं, तळहात थोडा आकाशाकडे. आणि अगदी शेवटी, कोपर कमरेच्या पुढे आल्यावर, पुढचा हात सटकन सरळ होतो आणि दगड सुटतो.

गोल्फमध्ये उजवा हात हेच करतो. जवळपास तंतोतंत.

अमेरिकन गोल्फर बेन होगन याने १९५७ साली 'फाइव्ह लेसन्स' नावाचं पुस्तक आणलं. गोल्फ शिकणारे आजही ते वाचतात. उजव्या हाताची हालचाल समजवायला त्याने बेसबॉलचं उदाहरण घेतलंय, जमिनीवरून आलेला चेंडू उचलून खालून-बाजूनेच फेकणारा खेळाडू. आपल्या भाषेत सांगायचं तर पॉइंटवरचा फिल्डर. चेंडू उचलला, सरळ उभं राहायला वेळ नाही, तसाच वाकून बाजूने स्टंपवर फेकला. त्या थ्रोमध्ये हात खांद्याच्या वरून येत नाही, कोपर अंगाजवळून येतो.

मग 'डावा हात सरळ' हे कुठून आलं? त्यालाही कारण आहे. डावा हात आणि काठी मिळून एक त्रिज्या तयार होते. डावा खांदा मधोमध, काठीचं टोक परिघावर. त्रिज्या बदलली नाही तर काठी ज्या जागेवरून निघाली त्याच जागेवर परत येते. गोल्फचा चेंडू व्यासाने ४३ मिलिमीटरसुद्धा नसतो. काठी दीड सेंटीमीटर वर आली तर चेंडूचं डोकं उडतं, खाली आली तर माती उडते. म्हणून डावा हात लांब ठेवा म्हणतात.

पण रीलवाले पुढचं वाक्य सांगत नाहीत. डावा हात सरळ राहू शकतो, कारण उजवा दुमडतो. खात्री करायची तर घरातली छत्री दोन्ही हातांनी धरा, दोन्ही कोपर ताठ ठेवा आणि मागे न्यायचा प्रयत्न करा. कमरेच्या थोडं वर गेली की अडकते. आता उजवा कोपर सोडा, दुमडू द्या. छत्री आपोआप खांद्याच्या वर जाते आणि डावा हात लांबच्या लांब राहतो.

वर पोचल्यावर उजवा कोपर साधारण काटकोनात असतो आणि त्याचं टोक जमिनीकडे. तळहात वरच्या दिशेला, हॉटेलातला पोऱ्या खांद्याजवळ चहाचा ट्रे धरतो तसा. कोपर बाहेर उडाला तर ट्रे कलंडतो. अर्थात हा काही देवाने घालून दिलेला नियम नाही. जॅक निकलॉसचा उजवा कोपर चांगलाच बाहेर उडायचा, आणि त्याच्या नावावर १८ मेजर स्पर्धा आहेत, आजवरच्या सगळ्यात जास्त. पण खाली येताना त्याचाही कोपर वेळेत अंगाजवळ यायचा. वर कुठेही फिरून या, खाली येताना दार एकच आहे.

खरी चूक कुठे होते?

वरून खाली यायला व्यावसायिक गोल्फरला साधारण पाव सेकंद लागतो. या पाव सेकंदात उजव्या कोपराने आधी दुमडलेलं राहायचं आणि मग सरळ व्हायचं. सगळी करामत या 'मग' मध्ये आहे.

नवीन माणूस काय करतो? समोर चेंडू दिसतो, मनात येतं हाणायचाय, आणि आपला ताकदवान हात कोणता? उजवा. मग काठी वर असतानाच तो उजवा हात ढकलायला लागतो. कोपर वरच सरळ होतो, मनगटाचा मोड वरच सुटतो. गोल्फवाले याला गळ टाकणं म्हणतात, कारण मासे पकडणारा गळ पाण्यात भिरकावताना हात असाच वरून पुढे जातो. भीमेच्या काठावर हे दृश्य तुम्ही बघितलं असेल.

नुकसान दोन. पहिलं, वेग. गोल्फचा स्विंग आसुडासारखा चालतो. आसूड मारणारा हात पुढे नेतो आणि मग थांबवतो, तेव्हा दोरीचं टोक पुढे झेपावतं. आसुडाचा फाटकन आवाज येतो तो टोकाने आवाजाचा वेग ओलांडल्यामुळे. गोल्फमध्ये हात थोडे मंदावतात तेव्हा काठीचं टोक त्यांना मागे टाकतं. ड्रायव्हर नावाची लांब काठी साधारण ४५ इंचाची असते आणि वजनाला क्रिकेटच्या बॅटच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकी. मोठ्या स्पर्धांमधले पुरुष खेळाडू तिचं टोक ताशी १८० किलोमीटरच्या आसपास नेतात. उजव्या हाताने वरच सगळा जोर सांडला, तर चेंडूपाशी येईपर्यंत आसुडात काही उरतच नाही.

दुसरं, दिशा. उजवा हात वरून ढकलला की उजवा खांदाही पुढे येतो, काठी बाहेरून आत कापत येते, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू केळ्यासारखा उजवीकडे वळत जातो. हौशी गोल्फरांची जगभरातली मुख्य तक्रार हीच. जितका जोरात मारावा तितका जास्त वळतो, कारण जोर चुकीच्या क्षणी लागतोय.

क्रिकेट खेळलेल्यांना हे लगेच पटेल. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये खालच्या हाताने घुमवलं की चेंडू मिडविकेटवरून जातो, गावच्या मैदानावर टाळ्या पडतात. पण तोच खालचा हात सरळ ड्राइव्हमध्ये आधी घुसला की चेंडू हवेत उडतो आणि कॅच जातो. कोच ओरडतात, खालचा हात सैल सोड. सैल सोड म्हणजे काढून टाक असं नाही. उशिरा लाव.

चेंडूला लागताना उजवा हात काय करत असतो?

इथं मला सगळ्यात जास्त मजा येते.

काठी आणि चेंडू एकमेकांना चिकटलेले असतात तो वेळ सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग. माणसाच्या मेंदूला एखादी गोष्ट कळून स्नायूला हुकूम जायला यापेक्षा शेकडो पट जास्त वेळ लागतो. म्हणजे 'चेंडूला लागताना उजव्याने जोर लावला' असं जे वाटतं, तो भास आहे. जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं.

विजय सिंगचा स्विंग बघा. फिजीचा, भारतीय वंशाचा खेळाडू. तीन मेजर जिंकल्या आणि २००४ मध्ये टायगर वूड्सला पहिल्या क्रमांकावरून हटवलं. त्याच्या स्लो मोशन व्हिडिओमध्ये चेंडूच्या आसपास उजव्या हाताची बोटं काठीवरून जवळपास सुटलेली दिसतात. उजव्याचं काम तोपर्यंत उरकलेलं असतं.

चांगल्या खेळाडूचा उजवा कोपर चेंडूला लागतानाही किंचित वाकलेला असतो आणि उजवं मनगट अजून थोडं मागे मोडलेलं. पूर्ण सरळ होतो तो चेंडू निघून गेल्यावर. त्या एका क्षणी दोन्ही हात सरळ दिसतात. फोटो बहुतेकदा तोच छापला जातो, आणि लोकांना वाटतं चेंडूला मारतानाच हात ताठ करायचाय.

मग जोर येतो कुठून? डॉक्टर फ्रँक जोब आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली गोल्फरांच्या खांद्याभोवतीच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून मोजमाप केलं. हे तेच जोब, ज्यांनी १९७४ मध्ये बेसबॉलच्या टॉमी जॉनच्या कोपराची प्रसिद्ध शस्त्रक्रिया केली. त्यांना दिसलं की खांद्यावरचा फुगीर स्नायू, जिममध्ये पोरं ज्याच्यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतात तो डेल्टॉइड, गोल्फमध्ये फारसं काही करत नाही. ताकद देतात छातीचा मोठा स्नायू आणि पाठीचा रुंद स्नायू, आणि तेही दोन्ही बाजूंचे. म्हणजे डावा की उजवा, या भांडणाला स्नायूंनी दिलेलं उत्तर आहे, दोघंही.

'डावा हात काठीसारखा सरळ हवाच' या नियमाची तर दोन माणसांनी वाटच लावली.

पहिला एड फरगॉल. लहानपणीच्या अपघातात त्याचा डावा कोपर कायमचा वाकडा राहिला, हात सरळ व्हायचाच नाही. १९५४ ची यूएस ओपन त्याने जिंकली.

दुसरा कॅल्व्हिन पीट, आणि त्याच्यावर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा. फ्लोरिडातल्या शेतमजूर भागात वाढलेला कृष्णवर्णीय मुलगा. शाळा सुटली, शेतात भाज्या तोडल्या. मग गाडीत माल भरून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कामाला जाणाऱ्या शेतमजुरांच्या मागे मागे फिरून तो विकायचा. लहानपणी झाडावरून पडून डावा कोपर तीन ठिकाणी मोडला होता आणि वाकडाच जुळला. गोल्फची काठी पहिल्यांदा हातात घेतली ती वयाच्या तेविसाव्या वर्षी. शिकवणाऱ्यांच्या हिशोबाने या माणसाने खेळायलाच नको होतं. त्याने पीजीए टूरवर १२ स्पर्धा जिंकल्या, आणि १९८१ ते १९९० अशी सलग दहा वर्षं ड्रायव्हरने चेंडू सरळ मारण्यात तो पहिल्या क्रमांकावर राहिला. दहा वर्षं! डावा हात सरळ होत नसलेला माणूस जगातला सगळ्यात सरळ मारणारा. डाव्या हाताची लांबी कमी-जास्त असली तरी चालते, फक्त ती मध्येच बदलायला नको. त्याचा डावा हात बदलू शकतच नव्हता.

पीटच्या गिऱ्हाइकांसारखी माणसं आपल्याकडे दरवर्षी येतात. ऊसतोडीच्या हंगामात दौंड-शिरूरच्या फडात बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या उतरतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. फडात उभं राहून बघा. डाव्या हाताने ऊस धरलेला, उजव्यात कोयता. घाव जमिनीलगत बसायला हवा, कारण खालच्या कांड्यात साखर जास्त. कसलेला तोडकरी खांद्यातून हात भिरकावत नाही. तो वाकतो, कोपर अंगाजवळ ठेवतो आणि शेवटच्या वितीभर अंतरात मनगट सोडतो. असे घाव दिवसभर घालायचे असतात. खांद्यातून घातले तर दुपारपर्यंत हात उचलणार नाही.

गोल्फर हेच शिकायला तासाचे पैसे मोजतो. फरक इतकाच की गोल्फर दुखायला लागलं की थांबतो, तोडकऱ्याला थांबता येत नाही.

आता त्या कोपराचं

मनगट आत वाकवणारे आणि बोटं मिटवणारे बहुतेक स्नायू कोपराच्या आतल्या उंचवट्याला येऊन जोडलेले असतात. घट्ट मूठ आणि वारंवार आत वळणारं मनगट, हे दोन्ही एकत्र आलं की त्या जोडावर ताण येतो. गोल्फमध्ये उजव्या हाताने जास्त आवळून धरलं, वरून ढकललं आणि काठी चेंडूऐवजी जमिनीत घुसली की सगळा हिसका तिथंच पोचतो. धार काढताना, कोयता चालवताना, पाना आवळताना तोच स्नायू, तोच जोड. म्हणून हे दुखणं झालेल्या बहुतेकांनी गोल्फ कधीच खेळलेला नसतो. गंमत म्हणजे गोल्फरांना टेनिस एल्बोसुद्धा भरपूर होतो, तो कोपराच्या बाहेरच्या बाजूला आणि बहुतेकदा डाव्या हाताला.

आराम, मूठ सैल ठेवणं आणि फिजिओथेरपीचे व्यायाम यांनी बहुतेकांचं बरं होतं, पण महिने लागतात. एक गोष्ट मात्र अंगावर काढू नका. करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल, तर त्याच उंचवट्यामागून जाणारी नसही दाबली जात असू शकते. ते डॉक्टरांना वेगळं सांगा.

आणि ज्यांना हे सगळं हातात उतरवून बघायचंय, त्यांना गोल्फ कोर्स लागत नाही. एक हलकी काठी घ्या, उजव्या हातातच धरा आणि जमिनीवरचं वाळलेलं पान उडवा. मूठ पाखरू धरल्यासारखी सैल. हात कमरेच्या वर न्यायचा नाही. आधी ढोपरं-कंबर फिरवा, कोपर बरगडीला लागू द्या, काठीला मागून येऊ द्या. दहा-पंधरा वेळात एकदा तरी काठीचा 'सूं' आवाज पानाच्या पुढे येईल. आवाज पानाच्या आधीच आला तर गळ टाकलात.